शेजारच्या घसरगुंडीवरून आपली बेडरूम दिसते: भिंत वाढवायची, नोटीस द्यायची, की आणखी काही?

मागचं_अंगण | १२ एप्रिल, रात्री ९:५०

नेरुळ, पाठीला पाठ लावून असलेली रो-हाउसं. मधे ५ फुटी सामाईक भिंत, दोन्हीकडे १०-१२ फुटांचं मागचं अंगण. पलीकडे नवा खेळाचा सेट बसलाय: झोका, घसरगुंडी आणि तिला जोडलेला मनोरा. मनोऱ्याचा ओटा जमिनीपासून ५ फुटांवर आणि भिंतीपासून ४ फुटांवर. अलीकडे बेडरूमची खिडकी भिंतीपासून १० फूट आत. सिल (खिडकीची खालची कड) ३ फुटांवर, माथा ७ फुटांवर. मुलं ६ आणि ९ वर्षांची.

अजून भांडण नाही, बोलणं चालू आहे. पडदा कायम लावून बसायचं नाही आणि मुलांचा खेळही बंद करायचा नाही. तीन प्रश्न:
१. भिंत वाढवता येते का, किती?
२. कायद्यात प्रायव्हसीबद्दल नेमकं काय आहे?
३. दोन्ही घरं हसतमुख राहतील असा काही मार्ग?

सडेतोड | १२ एप्रिल, रात्री १०:१५

बोलण्यात वेळ घालवू नका. प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे, सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच सांगितलंय. वकिलाची नोटीस गेली की सेट आठवड्यात उतरतो.

कलम_कागद | १२ एप्रिल, रात्री ११:०५

@सडेतोड, इतकं सरळ नाही. पुट्टस्वामी निकाल (२४ ऑगस्ट २०१७, नऊ न्यायाधीशांचं पीठ) मुख्यतः सरकारपासून मिळणाऱ्या संरक्षणाचा आहे. तो दाखवून शेजाऱ्याची घसरगुंडी उतरत नाही.

शेजाऱ्यांमधला जुना कायदा म्हणजे भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम १८ खालच्या उदाहरणात प्रायव्हसी आहे, पण ती *प्रथेने* मिळणारी: एखाद्या गावात शेजाऱ्याच्या खासगीपणावर घाला येईल अशी नवी खिडकी काढायची नाही अशी रूढी असेल, तर तो हक्क मिळतो. गुजरातेत अशी रूढी कोर्टांनी मानली आहे. नेरुळच्या सेक्टरमध्ये ती सिद्ध करायची तर कोणत्या आजोबांना साक्षीला आणणार? शहरच सत्तरच्या दशकातलं. कलम १५ मधला वीस वर्षांचा हक्क उजेड आणि हवेचा आहे, 'मला कोणी पाहू नये' याचा नाही.

उरतो दिवाणी मार्ग: उपद्रव म्हणून दावा आणि विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३८ खाली मनाई हुकूम. तिथे 'त्रास मोठा आणि अवाजवी आहे' हे दाखवावं लागतं. दुपारी तासभर खेळणारी दोन मुलं पाहून कोर्ट हसणार नाही, पण घाईही करणार नाही.

पोलिसांकडे जाण्याचा विचार कोणी मांडायच्या आत: भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ (१ जुलै २०२४ पासून) स्त्रीच्या खासगी क्षणांकडे चोरून पाहण्याबद्दल, फोटो काढण्याबद्दल आहे. आणि कलम २० प्रमाणे सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही. तुमच्या 'आरोपीं'पैकी एक तिथेच सुटला. सात ते बारामधल्याला कलम २१ आहे.

भिंतीबद्दल: नवी मुंबई आणि ठाणे, दोन्ही महापालिकांना यूडीसीपीआर (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) लागू आहे. कंपाउंडच्या भरीव भिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून १.५ मीटरपर्यंत, म्हणजे साधारण ५ फूट. २.४ मीटरपर्यंत नेता येते, पण वरचे ०.९ मीटर आरपार दिसेल असे, म्हणजे जाळी किंवा ग्रिल. तुमची भरीव उंची आधीच पूर्ण झाली आहे. शिवाय भिंत सामाईक, त्यामुळे एकट्याच्या निर्णयाने तिच्यावर एक वीटही चढत नाही.

ओळंबा | १३ एप्रिल, सकाळी ७:२०

मापं दिलीत हे फार बरं केलंत. बहुतेक धाग्यांत 'खूप उंच आहे हो' एवढंच असतं.

सहा वर्षांच्या मुलाचा डोळा साधारण साडेतीन फुटांवर असतो. ओटा ५ फुटांवर, म्हणजे डोळा ८.५ फुटांवर. भिंत ५ फूट, ४ फूट पुढे. म्हणजे भिंतीच्या माथ्याला घासून जाणारी नजर ४ फुटांत ३.५ फूट खाली येते. त्याच उताराने ती भिंतीच्या अलीकडे पावणेसहा फुटांवर जमिनीला टेकते. खिडकी १० फुटांवर आहे. थोडक्यात सिलपासून माथ्यापर्यंत अख्खी खिडकी उघडी आहे.

आता लोक सुचवतील ते उपाय याच हिशेबाने तपासू.

ओटा ३ फुटांवर आणला तर डोळा ६.५. नजर ४ फुटांत १.५ फूट उतरते, खिडकीशी ती सव्वा फुटावर पोहोचते. सिल ३ फुटांवर. फरक शून्य.

ओटा ३ फुटांवर *आणि* मनोरा भिंतीपासून ८ फुटांवर सरकवला, तर नजर खिडकीशी ३ फूट दीड इंचावर. सिलच्या वर दीड इंच वाचला! अंगणाची खोली १२ फूट धरली तर ८ फुटांवर मनोरा ठेवायला जागाही उरत नाही.

भिंत वाढवून झाकायचं, तर डोळ्यापासून खिडकीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढा. ती भिंतीच्या जागी ८ फूट १ इंचावर येते. म्हणजे आठ फुटी *भरीव* भिंत लागेल, आणि कलम_कागद यांनी सांगितल्याप्रमाणे वरचे तीन फूट जाळीच चालते.

आणि ओट्याच्या भिंतीकडच्या बाजूला साडेचार फुटांचं बंद पॅनेल लावलं तर? नऊ वर्षांच्या मुलाचा डोळाही चार फुटांच्या आसपासच असतो. दोघांनाही पॅनेलच दिसतं, खिडकी संपली. आडोसा बघणाऱ्याच्या जितका जवळ, तितका तो लहान पुरतो. तोच आडोसा खिडकीकडे सरकवत नेलात की तो वाढत वाढत भिंतीएवढा होतो.

पॅनेलला दोन्ही टोकांना दीड-दीड फुटाचा परतावा (काटकोनात वळलेली बाजू) द्या, नाहीतर मूल कोपऱ्यातून तिरकं डोकावतं.

आधी एक चाचणी करा, खर्च शून्य. मुलं नसताना शेजाऱ्यांना विचारून ओट्यावर एक बांबू उभा धरायचा आणि ओट्यापासून साडेतीन फुटांवर लाल फडकं बांधायचं. दुसऱ्याने बेडरूममध्ये पलंगावर बसून, मग उभं राहून पाहायचं. जिथून फडकं दिसतं, तिथली जागा मुलाला दिसते, कारण नजर दोन्हीकडून सारखीच जाते. मग साडेचार फुटांचा पुठ्ठा धरून पुन्हा पाहा. हे दोन्ही घरांनी एकत्र पाहिलं की निम्मा वाद तिथेच विरतो, कारण पलीकडच्यांना आपल्या ओट्यावरून किती दिसतं याचा अंदाजच नसतो. त्यांचा स्वतःचा डोळा तिथे कधी गेलेला नसतो.

नटबोल्ट | १३ एप्रिल, सकाळी ९:४०

ओळंबा यांचा हिशेब पक्का. पण 'पॅनेल लावा' म्हणून थांबू नका. पॅनेल म्हणजे शीड.

साडेचार बाय चार फूट म्हणजे १८ चौरस फूट, १.६७ चौरस मीटर. आयएस ८७५ भाग ३ या वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात मुंबईचा मूळ वाऱ्याचा वेग ४४ मीटर प्रतिसेकंद. त्यावर ढोबळ दाब ०.६ गुणिले ४४ चा वर्ग, म्हणजे सुमारे ११६० न्यूटन प्रति चौरस मीटर. पॅनेलवर जवळपास २०० किलोचा ढकल, तोही जमिनीपासून सव्वासात फुटांवर. बाजारातला घरगुती सेट ७०-८० किलोचा असतो आणि बहुतेक वेळा पेव्हर ब्लॉकवर चार खिळ्यांनी टेकवलेला. जूनच्या पहिल्या वादळात तो आडवा होणार, आणि पडताना भिंतीकडे किंवा घराकडेच.

म्हणून आधी पाया. भिंतीकडच्या दोन पायांना प्रत्येकी दीड फूट बाय दीड फूट बाय दोन फूट खोल काँक्रीट. एक ठोकळा साडेचार घनफूट, वजन ३०० किलोच्या वर. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला एका ठोकळ्यामागे साधारण एक गोणी सिमेंट. ठोकळ्याचा माथा जमिनीखाली ८ इंच, कडा उतरत्या. म्हणजे खड्डा ३२ इंच. मूल पडलं तर डोकं काँक्रीटच्या धारेवर आपटू नये म्हणून हे.

इथे एक फसगत होते. माथा खाली गेला की पाइप ८ इंच मातीत राहतो आणि खाडीलगतच्या हवेत नेमका मातीच्या रेषेवर गंजतो. पावडर कोटिंग तिथे दोन पावसाळेही टिकत नाही. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड पाइप घ्या, किंवा आहे त्या पाइपला मातीच्या रेषेच्या वर-खाली सहा-सहा इंच इपॉक्सी आणि त्यावर बिटुमेनचे दोन हात द्या. पाइपच्या वरच्या टोकाला टोपी हवी. उघडं तोंड म्हणजे आत पाणी, आतून गंज, बाहेरून सगळं चकचकीत.

पॅनेलचा माल: १८ मिमी डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाचा) बोर्ड किंवा दुधी पॉलीकार्बोनेट. दुधी असेल तर उजेड येतो, आकृती दिसत नाही. साधा प्लाय पावसात फुगतो. पट्ट्या लावणार असाल तर उभ्याच. आडव्या पट्ट्या म्हणजे शिडी, मूल पहिल्याच दिवशी वर. दोन पट्ट्यांमधली फट ८ मिमीच्या आत, कारण ८ ते २५ मिमीमध्ये बोट अडकतं. तसंच ८९ ते २३० मिमीची कोणतीही भोकं कुठेही नकोत. धड जातं आणि डोकं अडकतं. हे आकडे ईएन ११७६ या सार्वजनिक खेळसाधनांच्या युरोपीय मानकातले.

बोल्ट एम-१०, आरपार, नायलॉक नटसहित, टोकावर प्लास्टिकची टोपी. सेल्फ-टॅपिंग स्क्रू चालणार नाहीत.

मीठ_मोहरी | १३ एप्रिल, सकाळी १०:०५

ईएन ११७६ घरच्या सेटला कशाला? घरगुती झोके-घसरगुंड्यांना आयएस ९८७३ भाग ४ आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. विकत घेताना ते पाहा.

नटबोल्ट | १३ एप्रिल, सकाळी १०:३०

बरोबर, तयार सेटला तेच लागू. पण पॅनेल हा आपण जोडलेला भाग, त्याला फॅब्रिकेटरकडे चिन्ह नसतं. म्हणून फटींचे आकडे हातात हवेत. सोसायटीच्या बागेतल्या सेटचा करार करताना मात्र ईएन ११७६ स्पष्ट लिहून घ्यायचं.

दोन_पोरांचा_बाप | १३ एप्रिल, दुपारी १:१५

सगळं ठीक, पण खर्च आणि खटाटोप सगळा खेळणाऱ्यांच्या माथी? ज्याला प्रायव्हसी हवी त्याने खिडकीला फिल्म लावावी. मुलांनी अंगणात नाही तर कुठे खेळायचं, पार्किंगमध्ये?

ओळंबा | १३ एप्रिल, दुपारी २:००

फिल्मचा मुद्दा रास्त, पण फिल्म कोणती ते पाहा. आरशासारखी चमकणारी फिल्म फक्त दिवसा काम करते. जिकडे उजेड जास्त तिकडच्याला आरसा दिसतो, कमी उजेडाच्या बाजूने आरपार. संध्याकाळी खोलीत दिवा लागला की बाजू उलटते, आणि मुलं खेळतात नेमकी साडेपाच ते आठ. पातळ पडद्याचं तेच. दुधी म्हणजे फ्रॉस्टेड फिल्म दोन्ही वेळा चालते. सिलपासून ४ फुटांच्या खिडकीला खालचे अडीच फूट लावली तर वरून आकाश दिसत राहतं. पण उंचावरून येणारी नजर वरच्या दीड फुटातूनही शिरते. म्हणून फिल्म हा जोडउपाय.

कलम_कागद | १३ एप्रिल, दुपारी २:२०

खर्चाबद्दल: नवी वस्तू ज्याने आणली त्याने आडोशाचा खर्च करावा, हे न्यायाला धरून. खिडकी आधीची आहे. फिल्म खिडकीवाल्याने. अर्धा-अर्धा केलंत तरी चालेल, पण कागदावर लिहा.

हिरवं_कुंपण | १३ एप्रिल, दुपारी ४:४५

झाडांचं कोणी बोललंच नाही. भिंतीवर जाळी फक्त आरपारच चालते ना? मग त्या जाळीवर वेल चढवा. पण कायदा जाळीला आरपार म्हणतो, वेल दाट झाल्यावर कोणी तक्रार केली तर छाटायची तयारी ठेवा. त्यापेक्षा भिंतीपासून सुटं, आपल्या अंगणात कुंपण बरं.

कामिनी: दाट, छाटणी सोसते, दोन-अडीच वर्षांत सहा फूट. रोपांत दीड फूट अंतर. तगर: त्याहून लवकर, पण खालून उघडी पडते. जास्वंद पिठ्या ढेकणाचं माहेरघर, दाट ओळीत लावाल तर फवारणीला बांधले जाल. मधुमालती जाळीसाठी उत्तम, मात्र आधार दणकट हवा, ओल्या वेलीचं वजन कमी नसतं.

खेळाच्या जागेजवळ कण्हेर नको. गुलाबी, पांढरी, पिवळी (बिट्टी), सगळी विषारी; बिट्टीची फळं मुलं हमखास गोळा करतात. बोगनवेलीचे काटे घसरगुंडीच्या उतारावर पडतात. कोनोकार्पस नर्सरीवाला आग्रहाने देईल, घेऊ नका. मुळं ड्रेनेज लाइन शोधत जातात.

ओळंबांचा हिशेब झाडांनाही लागू आहे. ५ फुटी ओट्याला खिडकी झाकायला भिंतीपाशी आठ फुटी झाड हवं, म्हणजे तीन वर्षं थांबा. तोवर पॅनेल.

आणि आडवं येणारं जुनं झाड परस्पर तोडू नका, मोठी फांदीही नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

ग्रीननेटवाला | १३ एप्रिल, संध्याकाळी ६:१०

तीन वर्षं कशाला, ९० टक्क्यांची शेडनेट ताणा, एका दुपारचं काम.

नटबोल्ट | १३ एप्रिल, संध्याकाळी ६:४०

मेपर्यंत ठीक. पावसात फडफडते, आयलेट फाटतात, रात्रभर फट-फट आवाज. प्रायव्हसीचा वाद मिटून झोपेचा सुरू.

घोडबंदर_पोडियम | १४ एप्रिल, सकाळी ८:३०

थोडं वेगळं, पण याच विषयातलं. ठाणे, घोडबंदर रोड. पोडियम गार्डन (पार्किंगच्या छतावरची बाग), पोडियमला लागून पहिल्या राहत्या मजल्याचे फ्लॅट. कमिटी जुना सेट काढून नवा मोठा बसवतेय, तो फ्लॅटच्या खिडक्यांपासून ९ फुटांवर येतो. खाली पार्किंग. फॅब्रिकेटर म्हणतो स्लॅबला अँकर मारू. तिथल्या सभासदांचा विरोध आहे. काय बरोबर?

नटबोल्ट | १४ एप्रिल, सकाळी ९:२०

अँकर मारू देऊ नका. आजच्या आज थांबवा.

पोडियमच्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचा थर (मेम्ब्रेन), त्यावर संरक्षक स्क्रीड (सिमेंटचा थर), मग ड्रेन सेल (पाणी वाहून नेणारा पोकळ थर), जिओटेक्स्टाइल (माती अडवणारं कापड) आणि माती. अँकर बोल्ट स्लॅबपर्यंत नेला की मेम्ब्रेनला भोक पडलं. पाणी भोकातून खाली टपकत नाही, मेम्ब्रेनखालून सरकत जाऊन तिसऱ्याच गाडीवर पडतं. गळतीचं मूळ मग कोणालाच सापडत नाही आणि वर्षभर सगळं पोडियम उकरलं जातं.

योग्य पद्धत: सेटच्या जागेची माती काढायची, स्क्रीडवर ६ इंच जाडीचा आरसीसी पॅड टाकायचा आणि सेटच्या बेसप्लेट *त्या पॅडला* बोल्ट करायच्या. बोल्ट पॅडच्या जाडीच्या आतच संपला पाहिजे. १० बाय १० फुटांचा पॅड म्हणजे ५० घनफूट, सुमारे ३.४ टन, प्रति चौरस मीटर साडेतीनशे-पावणेचारशे किलो. आकडा मोठा वाटतो, पण काढलेली दीड फूट ओली माती त्याच्या दुपटीहून जड असते. तरीही स्ट्रक्चरल कन्सल्टंटची सही घ्या. पॅडखालून ड्रेन सेलचा मार्ग तुटता कामा नये.

पोडियमवर वाळू नको. जमिनीवर वाळू झकास: २ मीटरपर्यंतच्या पडण्याला ८ इंच, अधिक ४ इंच पायांनी उडते म्हणून. पण पोडियमवर पहिल्याच पावसात ती जिओटेक्स्टाइलवर बसते, पाणी तुंबतं. तिथे ईपीडीएम रबर घ्या. जाडी सप्लायर सांगेल ती ऐकून घ्या, पण सर्टिफिकेटवर ईएन ११७७ प्रमाणे 'क्रिटिकल फॉल हाइट' (जेवढ्या उंचीवरून पडलं तरी तो थर धक्का झेलतो ती उंची) किती ते वाचा. तुमच्या ओट्याच्या उंचीपेक्षा ती जास्त हवी. हिरव्या गवताची चटई थेट काँक्रीटवर टाकून 'सॉफ्ट फ्लोअरिंग' म्हणून बिल लावतात, ते सजावटीचं काम झालं.

ओळंबा | १४ एप्रिल, सकाळी १०:००

९ फुटांचं अंतर कशापासून मोजलं? सेटच्या खांबापासून की पडण्याच्या जागेपासून? ईएन ११७६ मध्ये दीड मीटर उंचीच्या ओट्याभोवती दीड मीटर मोकळी जागा लागते, ३ मीटर उंचीला अडीच मीटर. झोक्याला वेगळं: दोराच्या लांबीच्या ०.८६७ पट, अधिक रबरी पृष्ठभागासाठी १.७५ मीटर, पुढे आणि मागे दोन्हीकडे. सहा फुटी दोराला ती पावणेअकरा फुटांच्या पुढे जाते. झोका खिडकीच्या दिशेने झुलत असेल तर तुमचे ९ फूट आधीच कमी पडले. झोका भिंतीला समांतर फिरवा.

नेरुळच्या अंगणालाही हेच. १२ फुटांच्या खोलीत झोका आडवा बसूच शकत नाही, लांबीच्या दिशेनेच बसतो. पाटाची जमिनीपासून उंची किमान १४ इंच, एका चौकटीत दोनपेक्षा जास्त पाट नकोत.

आणि घसरगुंडीचं तोंड खिडकीकडे नको. वर बसलेलं मूल खाली जाण्याआधी थांबून समोरच बघतं. शिडी आणि घसरण भिंतीला समांतर, बंद पाठ खिडकीकडे. पत्र्याची असेल तर दक्षिण-पश्चिमेकडे उतार नको, एप्रिल-मेमध्ये पोळते. गडद रंगाची फायबरचीही कमी तापत नाही.

कलम_कागद | १४ एप्रिल, सकाळी ११:१५

@घोडबंदर_पोडियम, तुमचा मामला सोसायटीचा, म्हणून वाट वेगळी. जागा सामाईक, त्यामुळे लगतच्या फ्लॅटवाल्याला 'माझ्यासमोर नको' म्हणून अडवता येत नाही. आणि कमिटीलाही सभेच्या मंजुरीशिवाय जागा आणि खर्च ठरवता येत नाही. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर सहकार अधिनियमाच्या कलम ७६ खाली विशेष सभा बोलवावी लागते, एक महिन्यात. ठरावात 'नवीन खेळणी बसवणे' असं मोघम नको. नकाशा जोडा, त्यावर खिडक्यांपासूनची अंतरं, ओट्याची उंची, पॅनेलची बाजू.

सभासद विरुद्ध सोसायटी असा वाद पेटला तर कलम ९१ खाली सहकार न्यायालय. दोन सभासदांमधलं वैयक्तिक भांडण मात्र बहुधा तिथे टिकत नाही, ते दिवाणी कोर्टात जातं.

प्रकल्प अजून बिल्डरकडेच असेल आणि त्यानेच मंजूर नकाशातली खेळाची जागा हलवली असेल, तर रेरा कलम १४: सामाईक जागेत बदलाला दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते.

सडेतोड | १४ एप्रिल, सकाळी ११:४०

आवाजाचं काय? दुपारी दोन वाजता किंचाळणं म्हणजे ध्वनिप्रदूषण नाही का?

कलम_कागद | १४ एप्रिल, दुपारी १२:०५

ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे १० ते ६. दुपारच्या झोपेची वेळ नियमात नाही, ती पुणेकरांच्या पाटीवर असते. आपसात ठरवा.

नटबोल्ट | १४ एप्रिल, दुपारी १२:५०

मुलांचा आवाज बंद होत नाही, लोखंडाचा होतो. आणि डोकं उठवतो तो लोखंडाचाच, कारण तो एकसुरी असतो.

झोक्याची कुरकुर: कडी-हूक घासून येते. बेअरिंगवाले हँगर लावले तर संपते. नायलॉन बुश असेल तर त्याला साधं ग्रीस भरू नका. धूळ आणि वाळू चिकटून पॉलिश पेपर तयार होतो, बुश घासून अंडाकृती होतो. सिलिकॉन स्प्रे मारा, खेळ सुटला असेल तर बुश बदला. डब्यातलं पातळ तेल आठवडाभर.

सी-सॉचा दणका: दोन्ही टोकांखाली जुना कारचा टायर अर्धा पुरा. टायरला खालून भोकं पाडा, नाहीतर पाणी साचून डासांची पैदास.

फायबरच्या घसरगुंडीचा ढोलासारखा आवाज: कडा आणि लोखंडी चौकटीच्या मधे ५ मिमी रबरपट्टी, प्रत्येक बोल्टला रबर वॉशर. आवळताना फायबर तडकेल इतकं आवळू नका.

साखळीचा खळखळाट: पीव्हीसी नळीत घाला. बोटंही वाचतात.

मीठ_मोहरी | १४ एप्रिल, दुपारी ३:१०

एक राहिलं. अशा वादात कोणीतरी 'पुरावा' म्हणून कॅमेरा शेजारच्या अंगणावर रोखतो. स्वतःच्या प्रायव्हसीसाठी दुसऱ्याच्या मुलांचं चोवीस तास चित्रण! कॅमेरा आधीपासून असेल तर डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी मास्क' असतो. शेजारचा भाग काळा करा आणि तो स्क्रीन शेजाऱ्यांना दाखवा. पुरावा हवाच असेल तर मुलं नसताना, खिडकीतून, ओळंबांच्या त्या लाल फडक्याचा एक फोटो पुरेसा आहे.

कलम_कागद | १४ एप्रिल, संध्याकाळी ५:३०

@मागचं_अंगण, समजुतीच्या कागदात काय असावं ते देतो. मोघम शब्द टाळा, आकडे लिहा.

– ओट्याची उंची ५ फूट, यापुढे वाढवायची नाही.
– भिंतीकडच्या बाजूला साडेचार फूट उंच बंद पॅनेल, दोन्ही टोकांना दीड फूट परतावा. खर्च अमुकचा, देखभाल अमुकची. तुटल्यास १५ दिवसांत दुरुस्ती, तोवर मनोऱ्याची शिडी काढून ठेवायची.
– बेडरूमच्या खिडकीला फ्रॉस्टेड फिल्म, खर्च खिडकीवाल्याचा.
– खेळाची वेळ: दुपारी अमुक ते अमुक बंद, परीक्षा आणि आजारपण यात एकमेकांना फोन.
– चेंडू, चप्पल पलीकडे पडल्यास मुलांनी भिंत चढायची नाही, दारावरून मागायची.
– कॅमेरा एकमेकांच्या अंगणावर नाही.
– मनोऱ्यावर छप्पर किंवा पक्क्या भिंती घालायच्या नाहीत. ते बांधकाम ठरलं तर महापालिकेचा प्रश्न वेगळाच उभा राहतो.

दोन प्रती, दोन्हींवर सह्या, तारीख. बोलणं फिसकटलंच तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज करता येतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद असते. नेरुळ, वाशी, ऐरोली ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठेवाल्यांनी रायगडकडे जायचं.

मागचं_अंगण | १५ एप्रिल, रात्री ८:४०

सगळ्यांचे आभार. फडक्याची चाचणी रविवारी, पलीकडच्यांनी होकार दिलाय. नटबोल्ट, एकच शंका: पायाचं काम पाऊस संपल्यावर केलं तर चालेल? तोवर पॅनेल नुसतं ओट्याला बांधून ठेवलं तर?

नटबोल्ट | १५ एप्रिल, रात्री ९:०५

नाही, उलट करा. पाया आत्ता, पॅनेल नंतर. नेरुळला भराव जमीन आहे, जूननंतर ३२ इंचांच्या खड्ड्यात पाणी उभं राहतं; काँक्रीट ओतलं तरी सिमेंट धुऊन जातं. एप्रिलअखेर ओता, ओल्या गोणपाटाखाली सात दिवस पाणी द्या, तोवर सेटवर कोणी चढायचं नाही. मग पॅनेल. तेवढे दिवस खिडकीला जुनी चादर लावा.